गुवाहाटीतले पावणेतीन तास

एखाद्या फौजीला विचारा, "अमुक शहर पाहिलंय का?" तो म्हणेल, "हो, तिथून गेलोय." आमच्यासाठी ही दोन्ही उत्तरं एकच. पठाणकोट म्हणजे मध्यरात्रीचा प्लॅटफॉर्म. जम्मू म्हणजे ट्रान्झिट कॅम्पमधली खाट आणि पहाटे चारला निघणारा कॉन्व्हॉय. वीस वर्षांच्या नोकरीत मी निम्मा भारत असाच 'पाहिला' आहे. मागच्या बाजूने, घाईत, पाठीवर रकसॅक घेऊन.

गुवाहाटी हे त्यातलं सगळ्यात वरचं नाव. ईशान्येत पोस्टिंग झालेल्या माणसाची गुवाहाटीतून सुटका नसते. मी तिथून किमान दहा-अकरा वेळा गेलो असेन, पण कुणी विचारलं असतं की गावात काय आहे, तर रेल्वे स्टेशन आणि बोरझारचा विमानतळ यापलीकडे मला एक वाक्य बोलता आलं नसतं.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी मणिपूरहून सुट्टीवर निघालो होतो. तिकीट इंफाळ-गुवाहाटी-पुणे. गुवाहाटीला उतरणार सकाळी ९.४० ला आणि पुण्याचं विमान संध्याकाळी ५.१० ला. मधे साडेसात तास. एरवी अशा वेळी माझं ठरलेलं असतं. चार्जिंग पॉइंटजवळची खुर्ची पकडायची, रकसॅकवर पाय टाकायचे आणि तोंडावर टोपी ओढून झोपायचं. फौजीला झोप साठवून ठेवता येते, हे तुम्हाला सांगायला नको.

पण त्या दिवशी मला बसून राहायचं नव्हतं. त्याचं कारण आधी सांगतो.

आठ दिवसांपूर्वी माझ्या शेवटच्या रिव्ह्यूचा निकाल आला होता. जे फौजेत नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात: लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या बढत्या नोकरीची वर्षं आणि परीक्षा यांवर मिळतात. कर्नल व्हायला मात्र निवड मंडळातून जावं लागतं, आम्ही त्याला 'बोर्ड' म्हणतो. कर्नल झालो की पलटणीची कमांड. ज्या दिवशी अकादमीत पाय ठेवला, त्या दिवसापासून इन्फंट्रीतला प्रत्येक पोरगा मनातल्या मनात हेच स्वप्न बघतो. बोर्डात तीन संधी असतात. माझी तिसरीही गेली. कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पिरॅमिड वर निमुळता होत जातो, जागा मोजक्या असतात आणि माझ्यापेक्षा चांगले अधिकारीही राहिलेले मी पाहिलेत. हे सगळं मला डोक्याने कळत होतं. पण रात्री अडीचला जाग आली की डोकं कामाला येत नव्हतं.

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ती फौजीची बायको आहे, तिला आवाजावरूनच समजलं. ती एवढंच म्हणाली, "बाबांना मात्र तूच सांग." आणि तेच मला जमत नव्हतं. बाबा कराडला असतात, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. एनडीएतल्या पासिंग आउट परेडचा माझा फोटो त्यांनी बैठकीच्या खोलीत लावलाय आणि त्याच्या शेजारची जागा गेली काही वर्षं मोकळी ठेवलीय. "तू पलटण घेशील ना, तेव्हाचा इथे लावू." फोनवर ते दर रविवारी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "काय, बोर्डाचं काही?" निकाल आल्यापासून मी त्यांना दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा मणिपूरच्या थंडीबद्दल बोललो.

तर साडेसात तास खुर्चीत बसणं म्हणजे साडेसात तास तेच ते चघळणं. ते नको होतं.

इंफाळच्या विमानतळावर बायकोशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तेवढ्यात मागून आवाज आला, "जयहिंद साहेब. साहेब, आपण मराठी?"

साध्या कपड्यातला विशीतला पोरगा. पण कटिंग, बूट आणि हिरवी पिशवी, त्यामुळे ओळख द्यायची गरजच नव्हती. मूळचा खटाव तालुक्यातला, दुसऱ्या पलटणीचा. पहिल्यांदाच विमानाने निघाला होता. घरी मुलगी झाली होती, बारशाला पोचायचं होतं. त्याचंही विमान तेच आणि गुवाहाटीचा थांबाही तोच.

"साहेब, तिथं सात तास करायचं काय?"

"गाव बघू," मी म्हणालो. विमानतळ सोडायचा हे खरं तर त्या क्षणापर्यंत माझंही ठरलेलं नव्हतं.

आता माजी सैनिक हसतील, पण गुवाहाटीला उतरेपर्यंत मी बोर्डिंग पासच्या मागे टाइम अप्रिसिएशन करून टाकलं होतं. यंग ऑफिसर्स कोर्समध्ये शिकवतात तसंच, शेवटाकडून सुरुवातीकडे. ५.१० ला विमान. सुरक्षा तपासणी पुन्हा होणार, म्हणून ३.३० ला टर्मिनलमध्ये हजर. गाव ते विमानतळ एक तास, वर अर्धा तास रिझर्व्ह. म्हणजे दुपारी २ ला गाव सोडायचं. इकडे ९.४० ला उतरून बाहेर पडायला दहा-सव्वादहा, गावात पोचायला सव्वाअकरा. साडेसात तासांतले हातात उरले पावणेतीन तास. ज्यांना वाटतं की सात तासांत शहर उरकता येतं, त्यांनी हे गणित आधी करावं.

बाकी चार गोष्टी अनुभवाच्या. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर चेक-इन करतानाच विचारून घ्या की बॅगेला शेवटच्या ठिकाणाचा टॅग लागलाय ना. आमच्या बॅगा थेट पुण्याला गेल्या होत्या, त्यामुळे हात मोकळे. टॅक्सी एकाच फेरीसाठी न घेता परत आणून सोडेपर्यंतची ठरवा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. तीनपेक्षा जास्त ठिकाणं यादीत घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्यात लांबचं ठिकाण आधी उरका. मग प्रत्येक पाऊल विमानतळाच्या जवळ आणतं आणि उशीर झाला तर शेवटचं ठिकाण सोडून सरळ पुढे निघता येतं.

टॅक्सीवाला पन्नाशीचा, पान खाणारा आणि शांत. मी त्याला वेळ सांगितली तर तो म्हणाला, "सर, दो मतलब दो. भरलुमुख में जाम लगता है." माझा माणूस सापडला.

जालुकबारीला डावीकडे पाटी दिसली, सराईघाट पूल. भारतात ब्रह्मपुत्रेवर बांधलेला हा पहिला पूल, १९६२ मधला, खाली रेल्वे आणि वर रस्ता. आपल्याला तिकडे जायचं नव्हतं, पण नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मालीगाव, कामाख्येची टेकडी, फॅन्सी बाजार असं करत सिलपुखुरीला पोचलो. तिथे गुवाहाटीचं युद्धस्मशान आहे. आमचं सगळ्यात लांबचं ठिकाण.

मणिपूरमध्ये नोकरी केलेल्या माणसाला या जागेचं आकर्षण का, ते सांगायला हवं. १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळ आणि कोहिमावर चढाई केली. उखरुलकडच्या सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने त्यांना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रोखून धरलं आणि त्या ब्रिगेडबरोबर आपल्या पाचव्या मराठ्यांची चौथी बटालियन होती. ती टेकडी मी पाहिली आहे. त्या लढाईतले जखमी आणि आजारी मागे मागे नेत आसामातल्या लष्करी इस्पितळांत आणले जायचे. तिथून जे घरी परतले नाहीत, त्यांच्यातले काही इथे आहेत. नंतर आसपासच्या इतर ठिकाणांहूनही कबरी इथे हलवल्या गेल्या. एकूण पाचशेच्या आसपास. बहुतेक ब्रिटिश आणि हिंदी सैन्यातले, आणि त्यांच्याच सोबत काही चिनी आणि काही जपानीही.

गवत नीट कापलेलं. माळी पाइपने पाणी घालत होता. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत एवढी शांतता की आम्ही दोघंही नकळत हळू बोलायला लागलो.

खटावचा पोरगा एकेका दगडासमोर थांबून नंबर, हुद्दा, नाव, वय वाचत होता. चार-पाच ओळी झाल्यावर म्हणाला, "साहेब, ह्यो बावीस वर्षांचा. ह्यो एकवीसचा." मग थोडं थांबून, "साहेब, ह्यात ऑफिसर कुठले आणि जवान कुठले?"

"वाचल्याशिवाय कळणार नाही," मी म्हणालो. "सगळ्यांचे दगड एकाच मापाचे."

हा या स्मशानांचा नियमच आहे. पहिल्या महायुद्धानंतर ठरलं की हुद्दा, जात, धर्म यावरून कबरीत फरक करायचा नाही. कंपनी कमांडर आणि त्याचा रनर शेजारी शेजारी, सारख्याच दगडाखाली. हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं. पण ज्या माणसाच्या डोक्यात आठ दिवस फक्त हुद्दा घोळत होता, त्याला ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकताना जरा अडखळायला झालं.

काही दगडांवर नावच नव्हतं. पोरगा त्यातल्या एकासमोर सावधान उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दोघंही साध्या कपड्यात आणि उघड्या डोक्याने, त्यामुळे सॅल्यूट नाही. नुसतं सावधान. माळ्याने पाण्याचा पाइप दुसरीकडे वळवला.

बाराला कचारी घाटाजवळ पोचलो. तिथून ब्रह्मपुत्रेवर रोपवे आहे, २०२० मध्ये सुरू झालेला, जवळजवळ १.८ किलोमीटरचा. पलीकडे उत्तर गुवाहाटी. पावणेतीन तासांत नदी कशी बघायची, याचं याहून सोपं उत्तर नाही. फेरीबोटीने उमानंदाच्या बेटावर जाता येतं, पण बोट कधी सुटेल आणि कधी परतेल याचा भरवसा आपल्या हातात नसतो. रोपवे आठ-दहा मिनिटांत पलीकडे नेतो.

केबिन नदीवर आली आणि पोरगा म्हणाला, "आयला!" मग जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं केलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. आपल्या कृष्णा-कोयनेवर वाढलेल्या माणसाला नदीचा काठ समोर दिसायची सवय असते. इथे फेब्रुवारीतलं कमी पाणी, तरी पात्र संपत नव्हतं. खाली उमानंदाचं हिरवं बेट, वाळूचे पट्टे, त्यावर मुंगीएवढी माणसं.

"साहेब, तुम्ही कर्नल ना?" त्याने विचारलं. लेफ्टनंट कर्नललाही बोलताना कर्नलच म्हणतात.

"लेफ्टनंट कर्नल."

"मग आता पलटण घेणार असाल."

त्याच्या मनात काही नव्हतं. पावसाचं विचारावं तसं विचारलं. आणि ज्या गोष्टीसाठी मी आठ दिवस वडिलांना टाळत होतो, ती मी त्या केबिनमध्ये एका अनोळखी पोराला सांगून टाकली. "नाही रे. बोर्डात नाव आलं नाही. आता पलटण मिळणार नाही."

मला वाटलं, तो ओशाळेल किंवा "असं कसं साहेब" म्हणेल. तो क्षणभर नदीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग साहेब, पुढची पोस्टिंग कुठं?"

मला हसूच आलं. गेल्या आठ दिवसांत मला बऱ्याच जणांनी धीर दिला होता. कोर्समेट्सचे फोन आले होते, "यार, सिस्टीमच तशी आहे," "बाहेर कॉर्पोरेटमध्ये बघ." पण पुढची पोस्टिंग कुठं, हे कुणीच विचारलं नव्हतं. जणू पुढे काही नव्हतंच.

"अजून कळलं नाही," मी म्हणालो.

"आमच्या प्लाटूनचं हवालदार होतं, ते पण नायब सुभेदार झालं नाहीत," तो म्हणाला. "पेन्शन गेलं. पण एलएमजी आम्हाला त्यांनीच शिकवली. पोरं अजून अडलं की त्यांनाच फोन करत्यात." आणि लगेच, "साहेब, ते बघा, मासे धरत्यात!"

विषय संपला. त्याच्या दृष्टीने त्यात आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं.

परत येऊन जेवलो. पानबाजारातलं साधं हॉटेल, आसामी थाळी. सुरुवातीला खार, केळीच्या सालीच्या राखेच्या पाण्यात शिजवलेली भाजी. आसामी जेवणात तो आधी खातात. मग मासोर टेंगा, म्हणजे माशाचा आंबट पातळ रस्सा. पोराला खार काही झेपला नाही, पण आलू पिटिका बघून तो खूश झाला. उकडलेला बटाटा, कांदा, मिरची आणि कच्चं मोहरीचं तेल. "साहेब, हे तर आपलं भरीतच की, तेल तेवढं येगळं." त्यावर त्याने तीनदा भात घेतला. बिल मी दिलं, चहा त्याने हट्टाने पाजला. बाजारातून लेकीसाठी एक गामोसा घेतला, पांढरा, लाल किनारीचा. आसामात मानाने गळ्यात घालतात तो. "बारशाला हाच गुंडाळतो तिला."

घड्याळात १.३५. शेवटचं ठिकाण वाटेवरच होतं.

फॅन्सी बाजाराजवळच्या लाचित घाटासमोर नदीच्या पाण्यातच लाचित बरफुकन आणि त्याच्या सैनिकांचं शिल्प उभं आहे. तलवार उगारलेला सेनापती आणि त्याच्याभोवती त्याची माणसं.

"हे कोण, साहेब?"

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते खडकवासल्याला. १९९९ पासून एनडीएच्या सर्वोत्तम कॅडेटला लाचित बरफुकन सुवर्णपदक दिलं जातं. आम्ही तेव्हा कॅडेट होतो. ते पदक माझ्या गळ्यात पडण्याची शक्यता कधीच नव्हती. माझी झेप बॉक्सिंगच्या रिंगपर्यंत. पदकाचं नाव पाठ झालं, माणूस कोण ते नीट कधी विचारलंच नाही. पलीकडे सिंहगड दिसायचा, त्याची गोष्ट तोंडपाठ होती. ही नव्हती.

त्या घाटावर मी पोराला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मुघलांनी घेतलेली गुवाहाटी अहोमांनी १६६७ मध्ये परत जिंकली. ती पुन्हा मिळवायला औरंगजेबाने मोठी फौज पाठवली. लाचितने आधी किल्लेबंदी केली. एका तटाचं काम रात्रीत पुरं व्हायचं होतं, ते स्वतःच्या मामाने ढिलाईने रखडवलं, म्हणून देशापेक्षा मामा मोठा नाही असं म्हणून त्याने मामाचं डोकं उडवलं, अशी आख्यायिका आहे. १६६९ मध्ये अलाबोईच्या मोकळ्या मैदानात अहोमांना जबर मार बसला. त्यातून शहाणे होऊन त्यांनी शत्रूला पाण्यावर ओढलं. रोपवेतून मी ती जमीन नीट पाहिली होती. दोन्ही काठांना टेकड्या, मधे आक्रसलेली नदी. घोडदळाला इथे पसरायला जागाच नाही. मार्च १६७१ मध्ये सराईघाटाच्या शेवटच्या लढाईत लाचित तापाने फणफणला होता. आपली माणसं मागे सरताहेत हे दिसताच तो तसाच होडीत चढला आणि थेट मुघल आरमारावर गेला. मुघलांचा नौदल सेनापती मुनव्वर खान गोळी लागून पडला. लढाई फिरली. पुढच्याच वर्षी लाचित वारला.

"आणि मुघलांचा मोठा सेनापती कोण?"

"राजा रामसिंग. मिर्झाराजे जयसिंगाचा मुलगा."

पोरगा वळला. "साहेब, आग्र्याचा रामसिंग? आपलं महाराज ज्याच्या ताब्यात होतं, त्यो?"

तोच. हे मलाही उशिराच कळलं होतं. १६६५ मध्ये पुरंदरचा तह ज्याने करून घेतला, त्या मिर्झाराजांचा हा मुलगा. १६६६ मध्ये आग्र्यात महाराजांसाठी हाच जामीन राहिला. महाराज निसटले आणि बादशहाचा राग रामसिंगावर निघाला. दरबार बंद, मनसब गेली. वडील वारल्यावर थोडी मर्जी परतली आणि मग नेमणूक झाली ती आसामची. ज्या मोहिमांतून माणसं तापाने आणि पावसाने निम्मी होऊन परत येत, त्या टोकाला. ही शिक्षाच होती असं बरेच इतिहासकार मानतात. फौजीला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इकडे तानाजी मालुसरे १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर चढत होते, तेव्हा रामसिंग या नदीकाठी बसून होता. पुढच्या वर्षी तो हरला.

आणि हरल्यावर त्याने काय केलं? अहोमांच्या बुरुंजीत, म्हणजे त्यांच्या बखरीत, त्याचे उद्गार नोंदलेले आहेत. आसामी शिपायाचं त्याने कौतुक केलंय: एकच माणूस होडी चालवतो, बाण मारतो, खंदक खणतो, तोफ-बंदूकही हाताळतो, आणि असे सर्व कामांत तयार शिपाई हिंदुस्थानात मी दुसरीकडे पाहिले नाहीत. लाचितचीही त्याने तारीफ केली.

मी कठड्याला टेकून तेवढाच विचार करत राहिलो. नदीत पुतळा जिंकणाऱ्याचा आहे, असायलाच हवा. रामसिंगाचा इथे दगडही नाही. पण आसामी सैनिकाचा सगळ्यात उत्तम एसीआर रामसिंगाने लिहिलाय. करिअर बुडालेल्या, मर्जीतून उतरलेल्या, घरापासून हजार कोस दूर हरलेल्या माणसाने. समोर काय दिसतंय ते नीट बघण्याएवढं मन त्याने शाबूत ठेवलं होतं. मी आठ दिवसांत तेवढंही केलं नव्हतं. माझ्या हाताखालचे दोन कॅप्टन त्या आठवड्यात लाँग रेंज पेट्रोलवरून परतले होते आणि मी त्यांचा रिपोर्ट न वाचताच सही करून पुढे पाठवला होता. ते मला तिथे आठवलं.

पोरगा खाली पायऱ्यांवर उतरला होता. पाण्याची रिकामी बाटली नदीत धरून भरत होता. "आईनं सांगितलंय, साहेब. एवढी मोठी नदी लागंल वाटेत, पाणी आण म्हणून."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. दोन म्हणजे दोन.

भरलुमुखला जाम लागलाच. आमचा अर्ध्या तासाचा रिझर्व्ह त्यात पुरता खर्च झाला आणि टर्मिनलवर बरोबर ३.३० ला पोचलो. रिझर्व्ह का ठेवतात, यावर पोराला आयता धडा मिळाला. सुरक्षा तपासणीत सीआयएसएफच्या जवानाने ती गढूळ बाटली उचलून उजेडात धरली. "ये क्या है?"

"ब्रह्मपुत्रा का पानी, साब. माँ के लिए."

त्याने बाटलीकडे पाहिलं, पोराच्या कटिंगकडे पाहिलं आणि बाटली ट्रेमध्ये ठेवून ट्रे पुढे ढकलला.

गेटजवळ एका कोपऱ्यात जाऊन मी बाबांना फोन लावला. म्हटलं, "बाबा, बोर्डाचा निकाल आला. माझं नाव नाही. ही शेवटची संधी होती."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग ते म्हणाले, "निकाल येऊन आठ दिवस झाले असतील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन फोन नुसते हवामानावर झाले. चाळीस वर्षं पोरांना शिकवलंय मी. पेपर वाईट गेलेलं पोरगं घरी जाऊन काय बोलतं ते मला माहीत आहे." घसा खाकरला. आवाज थोडा जड होता, खोटं कशाला सांगू. "बरं, जेवलास का? रात्री उशीर होईल ना तुला?"

मी त्यांना खार, पिटिका, रोपवे, सगळं सांगितलं. रामसिंगाचं ऐकून मास्तर जागे झाले. पुरंदरच्या तहात किती किल्ले दिले ते त्यांनी मलाच विचारलं. तेवीस, मी म्हणालो. पास झालो.

५.१० ला विमान सुटलं. खिडकी मी पोराला दिली. खाली ब्रह्मपुत्रेवर दिवसाचा शेवटचा उजेड होता आणि सराईघाटचा पूल काडीएवढा दिसत होता. तो ढगात जाईपर्यंत पोरगा काचेला नाक लावून बसला होता. बाटली मांडीवर.

पुढचं थोडक्यात. चार दिवसांनी त्याच्याकडून मोबाइलवर फोटो आला, गामोशात गुंडाळलेली पोर आणि शेजारी आजी. कराडला बैठकीच्या खोलीत पासिंग आउटच्या फोटोशेजारची जागा अजून मोकळी आहे. तिथे दुसरं काही लावायचा विषय बाबांनी काढला नाही, मीही नाही. काही गोष्टी एका दुपारीत मिटत नाहीत. पण सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "मग, पुढची पोस्टिंग कुठे?"

सुट्टीवरून परतल्यावर पहिलं काम केलं ते त्या दोन कॅप्टनना बोलावून त्यांचा पेट्रोल रिपोर्ट ओळीओळीने वाचायचं. चांगला लिहिला होता. तसं त्यांना सांगितलंही.

तुमच्यापैकी कुणाचा असा थांबा कुठे आला, तर गणित मांडा, अर्धा तास रिझर्व्ह ठेवा, आणि बाहेर पडा.

जयहिंद.